चापडगावच्या गाईडदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही चौघं नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात आलो होतो. आम्ही तुमच्या लक्षात नसू, पण आई असेल. मनोऱ्याच्या पायऱ्या बघूनच 'तुम्ही जा, मी बसते गाडीत' म्हणाली होती ती.

आम्ही खरंच निघालो होतो तिला सोडून, हे लिहिताना लाज वाटते. तुम्ही काही न बोलता कुठूनसं प्लास्टिकचं स्टूल आणलंत, पाण्याच्या कडेला मांडलंत आणि दुर्बिणीचा स्टँड तिच्या डोळ्यांपर्यंत खाली घेतलात. चष्मा अडत होता, तर रबराची कड दुमडून दिलीत.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) फार लांब होते, तिला नुसते गुलाबी ठिपके दिसले. मग तुम्ही दुर्बीण जवळच्या गवताकडे वळवलीत. "आजी, काळा पक्षी दिसतो का? कपाळावर पांढरा टिळा बघा. वारकरी म्हणतात त्याला."

आई निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला चालत जायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार वर्षं वारी बंद आहे. तुम्हाला हे कुठून ठाऊक असणार! तेवढ्यात वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि सगळे वारकरी पाण्यावर पाय आपटत पळत सुटले. "अगं बाई, धावा निघाला की!" आई ओरडली आणि मग बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसली.

गाळाचं तुम्ही सांगितलंत तेही आवडलं. गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, गवत माजलं. धरणाच्या हिशेबात तोटाच, पण पक्ष्यांचं ताट त्याच गाळावर वाढलेलं. १९८६ला अभयारण्य, २०१९ला राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आणि आम्ही नाशकात राहून इतकी वर्षं फक्त नाव ऐकून होतो.

थवा उडताना फोटो मिळावा म्हणून एकाने दगड उचलला होता. तुम्ही त्याच्या हातातून तो अलगद काढून घेतलात आणि बोलणं पुढे चालू ठेवलंत. मला ते जमलं नसतं, मी भांडलोच असतो.

जास्तीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून हे पत्र. डिसेंबरात पुन्हा येतोय. स्टूल आम्ही आणू. आईने आत्ताच घेऊन ठेवलंय.