रंग भट्टीत कसा ठरतो ते शिकवणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. खानापुरातल्या इतर भट्टीवाल्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

कपबशांवरच्या निळ्या पट्टीचा रंग आम्ही घरीच बनवायला घेतला, तेव्हा वजनं तीच, माल तोच, तरी एका मुशीतून, म्हणजे रंग भाजायच्या भांड्यातून, सुरेख निळा निघायचा आणि दुसरीतून काळपट राखाडी. माल देणारा बदला, असं जो तो सांगत होता. तुम्ही बेळगावहून आलात आणि आधी कोणती मूस भट्टीत कुठं ठेवली होती ते विचारलंत. कोबाल्ट ऑक्साइड मुळात काळं. अॅल्युमिनाशी, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडशी, त्याचा पुरता संयोग झाला की निळा रंग धरतो, आणि त्यासाठी १२०० अंश सेल्सिअसच्या आसपासची आच बराच वेळ टिकावी लागते. खालच्या फळीपर्यंत ती पोचतच नव्हती.

पण खरा धडा हिराकशीचा, म्हणजे लोहाच्या सल्फेटचा. दुकानातून हिराकस आणवून तुम्ही तिचे सारखे वाटे केलेत आणि प्रत्येक वाटा वेगळ्या आचेवर भाजायला लावलात. उग्र वाफा निघतात म्हणून सगळं काम उघड्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. कमी आचेचा वाटा नारिंगीकडे झुकणारा लाल निघाला, त्यावरचा विटेसारखा, आणि १००० अंशांच्या पुढं गेलेला चक्क जांभळट. तिन्ही आयर्न ऑक्साइडच! आच वाढते तसे कण मोठे होतात आणि छटा बदलते, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. नंतर आमच्याच लाल मातीचं एक बोळकं तुम्ही भुशात पुरून, झाकण लिंपून भाजलंत. ते काळंभोर निघालं, कारण कोंडलेल्या धुरात मातीतल्या लोहाचा काही ऑक्सिजन निघून जातो आणि काजळी आत मुरते.

तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुमचा नियम आमच्याकडे मोडत नाही. चाचणीसाठी भाजलेल्या मातीच्या प्रत्येक टिकलीमागं आच, वेळ, झाकण होतं की नव्हतं, हे लिहिलेलं असतं. मी मराठीत लिहिते, भट्टीवरचा मुलगा कन्नडमध्ये, आणि तुम्ही दोन्ही वाचून चूक काढता. झिरकॉनच्या (झिर्कोनियम आणि सिलिकाच्या संयुगाच्या) पिवळ्या रंगाला भाजताना झाकण का हवं, तेही या टिकल्यांनीच पटवलं. त्यात पिवळा रंग देणाऱ्या प्रासिओडिमियम धातूच्या ऑक्साइडबरोबर सोडियम फ्लोराइड असतं. त्याच्यामुळं झिरकॉन कमी आचेत तयार होतो, पण उघड्या मुशीतून ते उडून जातं आणि पिवळा फिका पडतो.

या सगळ्याचे तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत. एसटीचं भाडंसुद्धा नाही. ते मला फार लागतं, मास्तर.

आता तुमच्या वहीतलं क्रोम आणि कथिलाच्या गुलाबीचं पान काढलंय. कथिलाचं ऑक्साइड, चुना, गारेची पूड आणि अगदी चिमूटभर क्रोम. जस्त असलेल्या ग्लेझखाली, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाखाली, हा गुलाबी तपकिरी होतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून बिनजस्ताचं ग्लेझ वेगळं कालवून ठेवलंय. पुढच्या भट्टीला नक्की या. जेवायला इथंच थांबायचं.

आपली विद्यार्थिनी,
खानापूर