बुटांच्या पिशवीतली चिठ्ठी

प्रिय बाब,

काल रग्बीच्या मैदानापासून माशेलपर्यंत स्कूटरवर माझ्या मागे बसून आलास, पण तोंडातून शब्द काढला नाहीस. म्हणून लिहितोय. बूट तूच धू. त्या तांबड्या चिखलाला आई हात लावणार नाही, तिनं स्वच्छ सांगितलंय.

12-15 ने मागे, शेवटचं मिनिट, पेनल्टी आपली. पोस्टसमोरची किक, 3 गुण आणि बरोबरी. कप्तान म्हणून तू ती किक सोडून रेफरीला स्क्रम सांगितलास, म्हणजे दोन्ही संघांनी खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटायचं. शेजारचे पालक ओरडायला लागले. मला मात्र तू जेवताना मोबाइलवर दाखवलेली जपानची मॅच आठवली. 2015 चा वर्ल्ड कप, ब्रायटन, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 29-32. कप्तान मायकल लीचनं अशीच बरोबरी सोडली, आणि हेस्केथनं कोपऱ्यात रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केला. 34-32!

आपल्या विंगरच्या, त्या कडेनं धावणाऱ्या पोराच्या, हातून चेंडू पुढे निसटला. नॉक-ऑन, म्हणजे चूक. संपलं.

स्क्रम घेतलास त्याबद्दल माझी तक्रार नाही. (मी जन्मभर फुटबॉलमध्ये बॅकला खेळलो, तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तू ठरव.) पण नंतर सगळ्यांदेखत तू त्याला ‘तुझ्यामुळे हरलो’ म्हणालास, ते मी ऐकलं. त्या पोरानं तोंडाला लावलेली बाटली तशीच खाली ठेवली. पंधरा खेळाडूंत रेफरीशी बोलायचा हक्क एकट्या कप्तानाला, हे मला कौतुकानं कोणी सांगितलं होतं? मग किक सोडल्याचा हिशेबही तुझ्याच नावावर रे. हेस्केथच्या हातून चेंडू सुटला असता तर लोकांनी लीचलाच धरलं असतं.

आषाढात देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला खेळताना अंगाला तेल चोपडलेलं असतं, आठवतं ना? धरलेला हात कसा सुळकन सुटतो. पावसात तुमचा तो लांबट चेंडूही तसाच असणार. मी बाहेर छत्री घेऊन उभा होतो, तूही त्याच्यापासून वीस पावलं लांब होतास.

शनिवारी त्यांच्याशी पुन्हा मॅच आहे. त्याआधी त्याला घरी घेऊन ये. आई हळदीच्या पानांतल्या पातोळ्या करणार आहे. तुझ्या वाटणीच्या दोन त्याला दे, माझ्यातल्या मी देणार नाही.

तुझा,
पप्पा