परत म्हणून दाखव

वडाळा, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पोरीचा सिव्हिलचा डिप्लोमा झाला आणि लगेच इथल्या साइटवर नोकरीही लागली, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंयस की रुजू व्हायला महिना आहे, तोवर तिला ऑटोकॅडचा क्लास लावू की एस्टिमेशनचा. दोन्ही उपयोगाचे आहेत. पण माझं ऐकशील तर तिने आधी साइटवर बोलायला शिकावं. मला ते पस्तिशीत शिकावं लागलं. ज्या दिवशी शिकलो, त्या दिवसाबद्दल मी तुला कधी सांगितलेलं नाही.

परळला एका इमारतीचं काम चालू होतं. सातव्या मजल्याच्या स्लॅबला लोखंड बांधायचं होतं. मी जिन्यातूनच वर ओरडून फिटरच्या टोळीला सांगितलं, "चार सूत, डेढ सौ पे बांधो." चार सूत म्हणजे आपली 12 मिलिमीटरची सळई, आणि डेढ सौ म्हणजे दोन सळ्यांमधलं अंतर 150 मिलिमीटर. पोरीला हे सूत-बित आत्ताच सांगून ठेव, कॉलेजात शिकवत नाहीत. शेजारी काँक्रीट फोडायचा ब्रेकर धडधडत होता. वर ऐकू गेलं, "दो सौ." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पुढच्या सकाळसाठी आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या सांगून झाल्यावर, मी टेप लावली तर सळ्या 200 मिलिमीटरवर! 150 च्या जागी 200 म्हणजे मीटरमागे लोखंड पाव हिस्सा कमी. गाड्या रद्द केल्या, बांधलेली जाळी उसवायला लावली आणि सगळ्यांसमोर टोळीला वाटेल ते बोललो.

रात्री टोळीतला सर्वांत वयस्क फिटर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "साब, मेरेको लगा था कुछ गलत है. नीचे के सब माले में डेढ सौ था." मी म्हटलं, मग विचारलं का नाहीस? तो खाली बघत म्हणाला, "पिछले हफ्ते पूछा था. आप बोले, जितना बोला उतना करो."

मित्रा, त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक ब्रेकरच्या आवाजाची नव्हती. ज्या माणसाला चूक दिसली होती, त्याचं तोंड मीच आठवडाभर आधी बंद करून ठेवलं होतं.

तेव्हापासून मी "समझ गया क्या?" हा प्रश्न सोडला. त्याला साइटवर एकच उत्तर असतं, "हां साब." आता मी म्हणतो, "चाचा, कैसे करोगे, मेरेको बताओ." तो सांगायला लागला की कुठे घोटाळा आहे ते तिथल्या तिथे कळतं. आकडा असला तर एकेक अंक सुटा बोलायचा, एक-पाच-शून्य, आणि समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्यायचा. त्याहून बरं म्हणजे शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, प्लायवर खडूने काढून द्यायचं, नाहीतर 150 चा सळईचा तुकडा कापून हातात द्यायचा. लोक बंगालमधल्या माल्द्याचे, झारखंडचे, तेलंगणातल्या महबूबनगरचे. प्रत्येकाला आपली हिंदी कळते असं आपण धरून चालतो. तेलुगू माणसाला नवीन असताना "डेढ" आणि "ढाई" कळत नाहीत, ते मला फार उशिरा उमगलं.

आणि "कल"! हिंदीत कालही कल आणि उद्याही कल. टेकू कधी काढायचे यात अशी संदिग्धता चालत नाही. आयएस 456:2000 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या कामात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला 14. म्हणून मी कल, परसों म्हणतच नाही. तारीख बोलतो, आणि स्लॅब भरल्याची व टेकू काढायची अशा दोन्ही तारखा बीमच्या बाजूवर रंगाने लिहून ठेवतो. वाचता न येणाऱ्यालाही आकडे ओळखता येतात.

क्रेनजवळचं बोलणं वेगळंच. तिथे आवाज पोचत नाही, हात बोलतो. इशारा देणारा माणूस एकच असायचा, चौघांनी हात हलवायचे नाहीत. मात्र "थांब" हा इशारा कुणीही देऊ शकतो, अगदी झाडू मारणारी बाईसुद्धा, आणि ऑपरेटरने तो मानायचाच. क्रेनला माल बांधणारे खलाशी अजून "आर्या" म्हणजे खाली आणि "हबेस" म्हणजे वर म्हणतात. जहाजांवरून आलेले शब्द आहेत. कानावर पडले की मला अजून आनंद होतो. पोरीने ते शिकावेत. सोबत बंगालीतला "थामो" आणि तेलुगूतला "आपु" हेही. धोक्याच्या क्षणी माणसाला त्याच्या भाषेत थांबवलं तर तो लवकर थांबतो.

सकाळचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधीचं सुरक्षेचं बोलणं, पूर्वी मी कागदावरून वाचायचो आणि लोक हेल्मेटचे पट्टे चाळत उभे राहायचे. आता रोज एकाला पुढे बोलावतो. कालच्या कामात तुला भीती कुठे वाटली, एवढंच सांग म्हणतो. एकदा एका पोराने लिफ्टच्या खड्ड्याजवळचा कठडा हलतोय म्हणून सांगितलं. आम्ही सगळे दोन दिवस त्याच्याजवळून ये-जा करत होतो.

वरिष्ठांशी बोलणं मला यापेक्षा जड गेलं. वाईट बातमी दाबून ठेवायची सवय होती. हल्ली दिसली की तासाभरात सांगतो: काय झालं, कुठे, आता काय थांबवलंय. ठेकेदाराशी तोंडी ठरलेलं त्याच दिवशी साइटच्या वहीत लिहून त्याची सही घेतो. यात अविश्वास नाही. महिन्याने दोघांच्याही आठवणी वेगवेगळ्या होतात.

पोरीला एक मात्र माझ्यातर्फे नक्की सांग. मुलगी म्हणून धाक बसवायला आवाज चढवू नकोस. पहिल्या आठवड्यात टोळीतल्या प्रत्येकाचं नाव पाठ कर. "ए" करून हाक मारलेला माणूस आणि नावाने हाक मारलेला माणूस, दोघांचं काम मी रोज बघतो.

राहायची सोय होईपर्यंत तिला आमच्याकडेच पाठव. हिने कोपऱ्यातली खोली रिकामी करायला घेतलीय. रुजू व्हायच्या आदल्या रविवारी मी तिला आमच्या साइटवर नेईन. तो वयस्क फिटर अजून आमच्याबरोबर आहे, तिची पहिली ओळख त्याच्याशी करून देणार आहे.

वहिनींना नमस्कार. गाडी कुठली ते कळव, दादरला उतरवून घ्यायला मी येतो.

तुझाच,
वडाळ्याचा मित्र