सूचना : मधल्या वेळचं खाणं आणि दात

सर्व सभासदांना नमस्कार. किडीचा विषय निघाला की सगळे गोडाच्या प्रमाणावर घसरतात. पण किती गोड खाल्लं, यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त बाधतं. साखर मिळाली की तोंडातले जीवाणू आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. लाळेला ते सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पुन्हा बिस्किट तोंडात गेलं, की पहिले पाढे पंचावन्न! म्हणून गोड खायचंच तर जेवणाबरोबर खा.

चिकटून राहणारं वाईट. मनुका, चिप्ससुद्धा त्यातच (हो, खारट असले तरी). मधल्या वेळी शेंगदाणे, चीज किंवा काकडी चालेल. घोटाघोटाने तासभर पुरवलेला गोड चहाही मोजा.

फ्लोराइडच्या पेस्टने दोनदा, दोन मिनिटं ब्रश करा. नंतर फक्त थुंका, खळखळून चूळ नको. रात्रीचा ब्रश चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढीच पेस्ट द्या.