मेण लावायच्या आधी बॉनेटवरून हात फिरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा तोंडावर आला की आमच्या कोल्हापुरात गल्लीगल्लीत गाड्या धुवायला निघतात आणि माझ्या दारात वॅक्सचे डबे घेऊन पोरं यायला लागतात. शिवाजी उद्यमनगरात मी १९७९ पासून गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलं. आता गुडघे बोलायला लागलेत, स्प्रेगन मुलाच्या हातात दिली आहे. सल्ला विचारायला मात्र लोक अजून माझ्याकडेच येतात, फुकट मिळतो म्हणून.

परवा गल्लीतलाच एक पोरगा आला. बँकेत लागल्यावर घेतलेली काळी गाडी, तीन वर्षांची. पिशवीत तीन डबे. ‘काका, ह्यातलं कुठलं लावू? काळा रंग कसा खोल दिसला पाहिजे.’ तिन्ही डब्यांवर आरशासारख्या बॉनेटचा फोटो आणि बारीक इंग्रजी अक्षरं. माझ्या चष्म्याला न झेपणारी, आणि खरं सांगायचं तर त्यालाही.

डबे कट्ट्यावर ठेवले आणि म्हटलं, आधी ब्रेडच्या पुड्याची पातळ पिशवी हातात घाल आणि धुतलेल्या बॉनेटवरून हळू फिरव. नुसत्या बोटांना जे गुळगुळीत लागतं, तेच पिशवीतून रव्यावरून हात फिरवल्यासारखं लागतं. झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे, ब्रेकमधून उडालेली लोखंडाची कणी, गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीतून येणारी राख, हे सगळं रंगात रुतून बसलेलं असतं. धुऊन ते निघत नाही. माझ्या मुलाने क्ले बारची, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारखी वडी आणली, शाम्पूचं पाणी मारत मारत ती बॉनेटवर सरकवली. पांढरी वडी अर्ध्या बॉनेटातच चुलीतल्या राखेच्या रंगाची झाली. पोरगा बघतच राहिला. यावर थेट मेण लावलं असतं तर ही सगळी घाण मेणाखाली जाऊन बसली असती.

रंगाला खोली कशाने येते, हे मी त्याला पाट्यावरून सांगितलं. आपला काळ्या दगडाचा पाटा कोरडा असताना राखाडी दिसतो आणि पाणी पडलं की काळाभोर होतो. दगड तोच. कोरड्या पाट्याच्या बारीक खाचांवर उजेड आपटून चहूकडे विखुरतो. पाण्याने खाचा भरल्या की तो विखुरणं थांबतं. मेण हेच पाण्याचं काम करतं, फक्त पाण्यापेक्षा जास्त दिवस टिकतं. पण देवळातली काळ्या दगडाची घोटीव मूर्ती कोरडीही काळीभोरच दिसते, कारण तिथे खाचाच ठेवलेल्या नसतात. घोटणं म्हणजे पॉलिश, ओलं करणं म्हणजे वॅक्स. ही दोन वेगळी कामं आहेत आणि बाजारात दोन्ही एकाच नावाने विकली जातात. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

पोराच्या पहिल्या डब्यातली पेस्ट दोन बोटांत चोळून पाहिली तर बारीक कचकच लागली. म्हणजे हे निव्वळ मेण नव्हे, त्यात घासणारी भुकटी आहे. (कचकच लागली नाही म्हणजे भुकटी नाहीच, असं मात्र समजू नका, अगदी बारीक असली तर बोटाला कळत नाही.) जुन्या फियाट, अ‍ॅम्बॅसिडरना असलीच पेस्ट चालायची. तेव्हा एकाच जातीचा जाड रंग असे. उन्हाने वरचा थर भुरकट झाला की कंपाऊंडने घासून काढायचा, लाल गाडीचं फडकं लाल व्हायचं आणि हात आवरायचा तो फडक्याकडे बघूनच. आताच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाहूनही पातळच म्हणा. तो घासला गेला तरी फडक्याला रंग लागत नाही. माणूस खूश होऊन दर महिन्याला ‘वॅक्स’ करत राहतो आणि चार-पाच वर्षांनी बॉनेटच्या कडेला पांढरट चट्टे पडले की माझ्या मुलाकडे येतो.

दुसरा डबा कार्नौबाचा. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर हे मेण साचतं. पानं वाळवून, झोडपून ते काढतात. औषधाच्या आणि चॉकलेटच्या गोळ्यांवर चकाकी असते ना, तिथेही हे वापरतात. ‘१०० टक्के शुद्ध कार्नौबा’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. शुद्ध कार्नौबा खडीसारखं टणक असतं, ८० अंशांच्या पुढे कुठे वितळतं. तेलं आणि इतर मेणं घातल्याशिवाय ते गाडीवर पसरायचंच नाही. काळ्या, मरून, गडद निळ्या रंगाला मात्र ते जी ओलसर खोली देतं, तिला माझ्या मते तोड नाही. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर ती खोली फारशी दिसत नाही, तिथे उगाच जादा पैसे घालू नका. आपल्या उन्हात हे मेण महिना-दीड महिना टिकलं तरी खूप.

तिसरा डबा सिंथेटिक सीलंटचा, म्हणजे मेणाऐवजी रसायनांपासून बनवलेल्या संरक्षक लेपाचा. याची चकाकी जरा काचेसारखी, थंड. पण टिकते काही महिने. पोराची गाडी दिवसभर बँकेबाहेर उन्हात असते, म्हणून आधी हे लावायला सांगितलं, बारा तास सुकू द्यायला सांगितलं आणि सणापुरता त्यावर कार्नौबाचा पातळ हात. उलट क्रम चालत नाही, मेणावर सीलंट धरत नाही. सगळं सावलीत, पत्रा गार असताना. आणि हात इतका पातळ की लावलंय की नाही असा संशय यावा. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर जाऊ देऊ नका, पांढरे डाग पडले की निघता निघत नाहीत.

चकाकीसाठी काही पॉलिशमध्ये सिलिकॉनचं तेल घालतात, त्याबद्दलही एक सांगतो. मागच्या वर्षी एका गाडीचा दरवाजा रंगवायला घेतला. गाडीवर कुठलं तरी सिलिकॉनवालं चमकदार पॉलिश मारून आणलेलं, पत्र्याच्या फटीत शिरलेलं. गन मारताच रंग ठिकठिकाणी माशाच्या डोळ्यासारखा फाकला. दोनदा घासून काढला, तिसऱ्यांदा बसला. मजुरी एकदाचीच मिळाली.

आपल्या वाहन पुरवणीत या डब्यांच्या जाहिराती येतात, म्हणून हे पत्र. गोळीच्या पाकिटावर आत काय आहे ते छापतात, तसं या डब्यांवर मराठीत दोनच ओळी छापा म्हणावं: यात घासणारा पदार्थ आहे की नाही, आणि सिलिकॉन आहे की नाही. पुरवणीनेही माहिती देताना एवढं विचारून घ्यावं.

आणि सणाचंच निघालंय म्हणून सांगतो, खंडेनवमीला ओल्या कुंकवाचं स्वस्तिक थेट बॉनेटवर काढू नका. दोन दिवस उन्हात तापलं की त्याचा डाग धुऊन जात नाही. पोराला मी विड्याच्या पानावर कुंकू लावून ते पान ठेवायला सांगितलंय. त्याची आई ऐकते का ते बघायचं.

आपला,
एक जुना पेंटर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर