मिठाच्या पुड्यावरून

ऐरोली, रविवार

ती. बाबा आणि आई यांना,
सा. न.

ठाणे आणि ऐरोली यांच्यामध्ये एक दिघा गाव तेवढं, आणि ही बया पत्र काय लिहीत बसलीय, असं आई म्हणणारच. म्हणू दे. फोनवर बाबा ‘हो हो, बघू’ म्हणून फोन आईकडे देतात आणि आई ‘जेवलीस का’ विचारते. घरी आले की दादाची मुलं, त्यांचे गृहपाठ, वर टीव्हीचा आवाज. कागदावर लिहिलेलं मात्र बाबा दोनदा वाचतात, हे वीज मंडळाच्या परिपत्रकांपासून मला ठाऊक आहे.

आधी कामाचं. बरणीत भरलेलं ते ‘लो सोडियम’ मीठ काढून टाका आणि आपलं नेहमीचं मीठ भरा. बेतानंच वापरा, पण नेहमीचं.

शेजारच्या काकांनी चांगल्या मनानं सुचवलं, मान्य. ते मीठही काही वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारसच केली आहे, जरा हातचं राखून का होईना. पण ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत किंवा ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, त्यांना त्याच शिफारशीतून वगळलं आहे. पुडा उलटा करून बघा, मागे बारीक अक्षरांत ‘पोटॅशियम क्लोराइड’ सापडेल. सोडियम कमी केलं म्हणजे त्याच्या जागी काहीतरी घातलंच असणार ना! बाबांची रक्तदाबाची गोळी, टेल्मिसार्टन, शरीरातलं पोटॅशियम सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. गेल्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चाललीत ते सांगणारा आकडा, काठावर होतं. त्यात रोजच्या आमटी-भाजीतून आणखी पोटॅशियमची भर. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असावं लागतं. सहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडायची भीती, आणि त्याआधी कधी कधी माणसाला काही जाणवतसुद्धा नाही.

आई, परवा तू म्हणालीस, आमटी मागाहून कडवट लागते, हिंग जुना झाला असेल. हिंगाला बोल लावू नकोस. पोटॅशियम क्लोराइड खारट लागतं, पण जिभेवर कडवटपणा ठेवून जातं. जिभेला फरक कळतो तो एवढाच.

माझं पोट याच फरकावर चालतं. लग्नकार्यात कुणी विचारलं की तुम्ही ‘महापेला केमिकल कंपनीत आहे’ एवढंच सांगता आणि समोरचा लगेच एमआयडीसीच्या रात्रीच्या वासावर घसरतो. तेव्हा एकदा नीट सांगून टाकते.

सोडियम आणि पोटॅशियम मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाखाली एक बसलेले सख्खे भाऊ. पाण्यात विरघळले की दोघांचेही आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, होतात, आणि दोघांवरही एकच धन प्रभार. ना रंग, ना वास. फरक आकाराचा. सोडियम आयनाचा व्यास दोन अँगस्ट्रॉम, पोटॅशियमचा पावणेतीन, आणि अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटींवा भाग. आता रक्तात सोडियम १४० आणि पोटॅशियम ४, म्हणजे एका पोटॅशियममागे पस्तीस सोडियम. या गर्दीतून पोटॅशियम तेवढं हेरायचं आणि बाकी पस्तिसांना ओळखसुद्धा दाखवायची नाही, असा रेणू आम्ही घडवतो. त्याला म्हणतात रिसेप्टर. आयन पकडणारे रेणू पुष्कळ आहेत हो, नको त्याला दारातून परत पाठवणारे थोडे.

आई, गावदेवीच्या बाजारात बांगड्या भरायला गेलो की कासार हात दाबून माप सांगतो ना, दोन-चार, दोन-सहा? क्राउन ईथर नावाचे रेणू म्हणजे तशाच बांगड्या, कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंच्या, ऑक्सिजनची तोंडं आतल्या बाजूला. अठरा अणूंच्या बांगडीत सहा ऑक्सिजन, आतली पोकळी २.६ ते ३.२ अँगस्ट्रॉम. त्यात पोटॅशियमचा आयन नेमका बसतो. पंधरा अणूंची बांगडी सोडियमच्या मापाची, बाराची त्याहून लहान लिथियमच्या.

ही बांगडी कुणी ठरवून केलेली नाही. ड्युपाँ कंपनीतले चार्ल्स पेडरसन दुसरंच काही बनवत होते, त्यात अर्ध्या टक्क्याहूनही कमी असे पांढरे, तंतुमय स्फटिक निघाले. दुसरा असता तर मळ म्हणून फेकून मोकळा झाला असता. ते मिथेनॉलमध्ये नीट विरघळेनात, पण सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की विरघळत. पेडरसन त्याच धाग्याच्या मागे लागले आणि १९६७ मध्ये त्यांनी हे रेणू जगापुढे ठेवले. बाबा, हा माणूस तुमच्या पसंतीचा. १९०४ मध्ये कोरियात बुसानला जन्म, वडील नॉर्वेचे, आई जपानी. डॉक्टरेट नाही. एकाच कंपनीत ४२ वर्षं नोकरी. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, १९८७ मध्ये, डोनाल्ड क्रॅम आणि ज्याँ-मारी लेन यांच्याबरोबर नोबेल, तेव्हा वय ८३. कॉलेजात सरांनी आम्हाला एक गंमत दाखवली होती. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट बेंझिनमध्ये ढिम्म विरघळत नाही, पण चिमूटभर क्राउन ईथर पडलं की बेंझिन जांभळं! मी या विषयात पडले ती तिथेच.

पण बांगडीची गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि पुस्तकं ती पुरती खरी असल्यासारखी पढवतात याचा मला राग येतो. मिथेनॉलमध्ये मोजून पाहिलं तर ती पंधरा अणूंची ‘सोडियमच्या मापाची’ बांगडीसुद्धा पोटॅशियमलाच किंचित जास्त घट्ट धरते. कारण आयन कधी एकटा येत नाही, त्याला भोवतालच्या द्रवाचे रेणू बिलगलेले असतात, आणि रक्तात ते पाण्याचे. लहानखुरा सोडियम हे पाणी अधिक घट्ट धरून असतो. ते सोडवण्याची किंमत रिसेप्टरला भरून देता आली तरच आयन आत येणार. त्यामुळे नुसतं माप जुळवून भागत नाही. दोन लहान बांगड्या साखळीनं जोडल्या तर त्या वरून-खालून मिळून आयनाला धरतात. पंधराच्या दोन पोटॅशियमला, बाराच्या दोन सोडियमला. क्रॅम यांनी दाखवलं की आधीपासून ताठ, योग्य आकारात बसलेला रेणू सैल रेणूपेक्षा फार चांगला धरतो, कारण सैल रेणूची निम्मी शक्ती स्वतःला आवरण्यातच जाते. लेन यांनी बांगडीऐवजी चहूबाजूंनी बंद पिंजराच केला. आम्ही या सगळ्यांकडून उचलतो. इथे एक कार्बन वाढव, तिथे ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसव, ताठ करावं तर बनवायच्या पायऱ्या वाढतात आणि शेवटी हाती उरतो नखाएवढा माल.

आणि फार घट्ट धरणारा रेणूही आमच्या उपयोगाचा नाही. एकदा धरलेलं सोडलंच नाही, तर पुढच्या पेशंटचं रक्त मोजायचं कसं?

बाबा, तुम्ही ११ केव्हीच्या फीडरवर आयुष्य काढलंत, आता माझे आकडे ऐका. रिसेप्टर मिसळलेला पीव्हीसीचा पापुद्रा असतो. त्याच्या एका अंगाला रक्त, दुसऱ्या अंगाला ठरलेल्या पोटॅशियमचं द्रावण. पापुद्र्यातून पोटॅशियमलाच तेवढी वाट, म्हणून दोन्ही बाजूंमध्ये विद्युतदाबाचा फरक पडतो आणि यंत्र तो वाचतं. रक्तातलं पोटॅशियम ४ वरून ५ झालं तर हा फरक बदलतो सहा मिलिव्होल्टनी. सोडियमची १३५ ते १४५ ही अख्खी नॉर्मल मर्यादा तर दोन मिलिव्होल्टच्या आत मावते. तुमच्या टेस्टरचा दिवा यावर काय लागणार!

तो पापुद्रा करणं हे माझ्या सगळ्यात आवडीचं काम. एक भाग पीव्हीसी, दोन भाग त्याला मऊ करणारं तेलकट द्रव्य आणि शेकडा एक इतका रिसेप्टर, हे सगळं टीएचएफ नावाच्या द्रावकात विरघळवून काचेच्या कड्यात ओतायचं आणि झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी चिमट्यानं कडेपासून हळूहळू सोडवला की निघतो. पाव मिलिमीटरही जाड नाही, आरपार दिसतो, बोटावर घेतला तर गपकन चिकटतो. जुलैत मात्र महापेची हवा जीव खाते. द्रावक उडताना पापुद्रा गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि सकाळी बघावं तर दुधी काच! टाकून द्यायचा.

यंत्रांतून पोटॅशियमसाठी आजही बहुधा व्हॅलिनोमायसिनच असतं. ते मातीतल्या जिवाणूंनी घडवलेलं, सोडियमपेक्षा पोटॅशियमला हजारो पटींनी पसंत करणारं. त्या जिवाणूंना ना पगार, ना दर सोमवारची मीटिंग.

हे रेणू नुसते मोजण्यापुरते नाहीत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात याच घराण्यातला कॅलिक्स-क्राउन वापरून अणुइंधनाच्या कचऱ्यातून, तिथल्या सोडियमच्या ढिगातून, किरणोत्सारी सीझियम १३७ वेचून काढतात. ते काचेत बंद करून त्याच्या कांड्या करतात, आणि रक्तपेढ्यांत रक्त देण्याआधी त्यावर किरण सोडायच्या यंत्रात त्या बसतात. ही कामं बघणारी ब्रिट ही संस्था आपल्या वाशीचीच. म्हणजे केमिकल म्हटलं की प्रत्येक वेळी वासच आठवायला नको.

आता मावशीचं, आणि हे मिठाहूनही तातडीचं. आई, त्यातला एक पुडा तू तिला कळव्याला पाठवलास ना? पत्र खाली ठेव आणि आधी तिला फोन कर. ती इतकी वर्षं लिथियमच्या गोळीवर आहे. रक्तात लिथियम ०.६ ते १.२ च्या दरम्यान हवं, दीडच्या वर गेलं की तेच विष. आणि मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम यांतला फरक नीट कळत नाही. जेवणातलं मीठ एकाएकी कमी झालं की ते सोडियम वाचवायच्या मागे लागतं आणि त्या ओढाताणीत लिथियमही परत रक्तात खेचून घेतं. गोळी तेवढीच, पण पातळी वर. जेवणात तिचं मीठ जसं होतं तसंच राहू दे, कमी-जास्त काय ते तिचे डॉक्टर सांगतील.

सध्या मी काम करतेय तेही लिथियमवरच. चौदा अणूंची, चार ऑक्सिजनची बांगडी, आणि तिच्या कडेला मुद्दाम जोडलेला अवजड भाग, म्हणजे सोडियमला दोन बांगड्यांमध्ये घुसून बसायला जागाच राहू नये. रक्तात एका लिथियममागे दीडशेच्या आसपास सोडियम, त्यामुळे पोटॅशियमचं काम यापुढे पोरखेळ वाटतं. आमचा सोडियम अजून चोरपावलांनी शिरतोच. पण जमलं, तर मावशीसारख्यांना बोटातून थेंबभर रक्त काढून घरच्या घरी पातळी बघता येईल, दर वेळी रिक्षा करून लॅब गाठायला नको. बाबा, प्राध्यापकीच्या जाहिरातींची कात्रणं पाठवता, त्यांना माझं हे उत्तर समजा.

बुधवारी सकाळी रक्त घ्यायला माणूस येईल. इलेक्ट्रोलाइट्स, म्हणजे सोडियम-पोटॅशियम वगैरे, आणि क्रिएटिनिन, दोन्ही सांगून ठेवलंय. हाताला पट्टा बांधला की तो ‘मुठीची उघडझाप करा’ म्हणेल, ती करू नका. स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि आकडा उगाच फुगतो. नळी गदागदा हलवू देऊ नका. रक्तपेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसेक पट असतं, थोड्या फुटल्या तरी रिपोर्ट खोटा. आणि हे सगळं वाचून घाबरून गोळी बंद करायची नाही, ते डॉक्टर ठरवतील. रिपोर्टचा फोटो त्यांना आणि मला पाठवा. नुसतं ‘सगळं नॉर्मल’ असा निरोप नको, मला आकडा हवा.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, तलावपाळीच्या फेरीनंतरचं शहाळं रिपोर्ट येईपर्यंत बंद. त्यातही भरपूर पोटॅशियम असतं. आई, शहाळेवाल्यालाच सांगून ठेव, यांच्यावर माझा भरवसा नाही.