टाके निघाले म्हणजे उपचार संपले नाहीत

संपादक महोदय,

दुभंगलेल्या ओठांच्या मोफत शस्त्रक्रिया शिबिरांच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. किती मुलांची नोंदणी झाली, उद्घाटन कोणी केले, एवढे त्यात असते. शस्त्रक्रिया खरोखर मोफत होतात आणि बहुतेक चांगल्याही होतात. 2000 सालापासून स्माईल ट्रेनसारखी संस्था भारतातल्या रुग्णालयांमार्फत त्या करून देते. मुलांची तपासणी व उपचार करणाऱ्या शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमधूनच झाली आणि त्याच्या यादीत दुभंगलेला ओठ व टाळू (डोक्याची नव्हे, तोंडातले छत) पहिल्यापासून आहेत. ऑपरेशनचा खर्च हा आता पूर्वीसारखा डोंगर राहिलेला नाही. अडते ते ऑपरेशनच्या आधी आणि नंतर. तिथे गावातली चार जाणती माणसे पुष्कळ काही करू शकतात, म्हणून हे पत्र.

साधारण सातशे-आठशे जन्मांमागे एक बाळ असा ओठ किंवा टाळू घेऊन जन्मते. अडीच लाख वस्तीच्या तालुक्यात वर्षाला पावणेचार हजारांच्या आसपास जन्म धरले, तर अशी पाच बाळे. म्हणजे अठरा वर्षांखालची नव्वदेक मुले एकाच तालुक्यात असतात, आणि त्यांच्या आईबापांना एकमेकांचा पत्ता नसतो.

पहिली लढाई दुधाची. नुसता ओठ फाटलेला असेल तर बाळ बहुधा अंगावर पिऊ शकते. स्तनाच्याच मऊ भागाने फट बुजते. टाळू उघडी असेल तर मात्र तोंडात ओढ तयार होत नाही. बाळ तोंड लावते, जबडा हलवते, आईला वाटते पितेय, आणि दमून अर्धपोटी झोपते. असे आठ-दहा दिवस गेले की वजन जन्माच्याही खाली जाते. टाळू उघडी दिसली की पहिल्याच दिवसापासून, दर दोन-तीन तासांनी, हाताने दूध काढायला सुरुवात करावी. उशीर झाला तर दूध आटते आणि मग घरात पावडरचा डबा येतो.

काढलेले दूध आपल्या जुन्या बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीने, पाजावे, नाहीतर वाटी-चमच्याने. बाळाला हात आत घेऊन गुंडाळावे, डोके छातीपेक्षा बरेच वर, जवळजवळ बसते धरावे. बोंडल्याचे टोक ज्या बाजूला फट नाही त्या बाजूच्या गालात ठेवावे, थोडे दूध सोडावे, गिळू द्यावे, मग पुढचे. घशात ओतू नये. दोन-तीनदा थांबून ढेकर काढावी, कारण फटीतून हवाही पोटात जाते. नाकातून थोडे दूध येईल. डोके उंच धरून थांबले की पुरे, पाजणे बंद करायचे कारण नाही. पाजणे अर्ध्या तासात आटपावे. तासभर चाललेल्या पाजण्यात बाळ जेवढे पिते तेवढे दमण्यातच खर्च करते. बाटली वापरायचीच असेल तर दाबता येणारी मऊ बाटली घ्यावी आणि बाळाच्या गिळण्याच्या लयीत दाबावी. बुचाचे भोक तापलेल्या सुईने मोठे करण्याचा उद्योग घरोघरी होतो. त्याने धार लागते, बाळाला ठसका बसतो आणि दूध फुप्फुसात जाण्याची भीती असते.

पहिल्या आठवड्यानंतर दर किलो वजनामागे दिवसाला 150 मिलि हे ढोबळ माप. तीन किलोच्या बाळाला 450 मिलि, आठ वेळांत विभागले तर दर वेळी साधारण 55. वजन रोज 20 ते 30 ग्रॅम वाढले पाहिजे आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आले पाहिजे. यासाठी वेगळी यंत्रणा उभी करायला नको. आशाताई रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातेच आणि तिच्या पिशवीत वजनकाटा असतो. तिने या घरी वजन घेऊन परत न फिरता एक पाजणे शेवटपर्यंत बसून पाहावे, एवढेच मागणे आहे.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत होते. दहा आठवडे वय, साडेचार किलोच्या आसपास वजन आणि हिमोग्लोबिन 10, हा भूल देणाऱ्यांचा जुना ठोकताळा. दूध नीट गेले नाही तर हे वजन येत नाही, आणि शिबिरातून ‘नंतर या’ म्हणून परत पाठवलेली बाळे बहुतेक याच कारणाने परतलेली असतात. दुसरे कारण सर्दी-खोकला. त्यात भूल देणे धोक्याचे, तिथे डॉक्टरांशी वाद घालू नये. तिसरे कारण मात्र टाळता येते. भूल देण्याआधी आईचे दूध चार तास आणि वरचे दूध सहा तास बंद ठेवायला सांगतात. बाळ रडते, आजीला बघवत नाही, ती दोन चमचे पाजते आणि ऑपरेशन रद्द होते. भरल्या पोटी भूल दिली की दूध उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते, हे तिला आदल्या संध्याकाळी नीट बसवून सांगितले तर ती स्वतःच बाळाची राखण करते. सांगत कोणी नाही, फक्त भिंतीवर ‘उपाशी आणावे’ अशी पाटी असते.

एक इशारा. हनुवटी फार आत, जीभ मागे पडलेली आणि श्वासाला घरघर असेल, तर अशा बाळाला उताणे झोपवू नये आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. नुसती टाळू दुभंगलेली असेल तर हृदयाची तपासणीही करून घ्यावी, कारण अशा बाळांत इतर व्यंगे सोबत असण्याचे प्रमाण जास्त असते. नुसत्या टाळूची फट बाहेरून दिसत नाही आणि बोट फिरवून हमखास कळतही नाही. जन्मतःच टॉर्च लावून, जीभ दाबून, पडजिभेपर्यंत पाहावे लागते. पडजीभच दुभंगलेली दिसली तर वरून अखंड वाटणाऱ्या टाळूतले स्नायू आतून जुळलेले नसण्याची शंका घ्यावी.

आता ग्रहणाबद्दल, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही. ‘ग्रहणात विळीवर भाजी चिरली असशील’ हे वाक्य बाळंतिणीला पहिल्याच दिवशी ऐकवले जाते. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू साधारण नवव्या आठवड्यापर्यंत. नाव नोंदवायला बाई दवाखान्यात येते तेव्हा बहुधा हे सगळे होऊन गेलेले असते. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्रीचे खग्रास चंद्रग्रहण देशभर दिसण्याजोगे होते. तेव्हा लाखो स्त्रिया गरोदर होत्या. अशी मुले ग्रहण नसलेल्या महिन्यांतही जन्मतात. खरी कारणे अनेक आणि एकमेकांत गुंतलेली आहेत: अनुवंश, तंबाखू, आईचा मधुमेह, फिट्सवरची काही औषधे. ही औषधे मनाने बंद करू नयेत, पण दिवस जाण्याआधी डॉक्टरांकडून बदलून घेता येतात. आईवडील दोघांनाही हे व्यंग नसेल, तर एका मुलानंतर पुढच्या बाळात शक्यता शंभरात दोन ते पाच एवढीच. घरात कोणाच्या खालच्या ओठावर जन्मतः दोन बारीक खळगे असतील तर मात्र ती पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते आणि आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. पुढचे सूर्यग्रहण 2 ऑगस्ट 2027 रोजी आपल्याकडून खंडग्रास दिसणार आहे. त्याच्या आधीच्या महिन्यातल्या आशा बैठकीत हा विषय घ्यावा. गरोदर बाईला दिवसभर उपाशी अंधाऱ्या खोलीत बसवण्याने मात्र नक्की अपाय होतो.

टाळूची शस्त्रक्रिया नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, शक्यतो मूल बोलू लागण्याआधी. त्यानंतर दोन-तीन आठवडे पातळ आणि मऊ खाणे: पेज, गाळलेले वरण, दही. तोंडात चमचा खोल घालायचा नाही, कोपरे वाकू नयेत म्हणून हाताला बांधलेल्या पट्ट्या सोडायच्या नाहीत, आणि पोळीचा तुकडा, बिस्किट, चिवडा काही नाही. टाके सुटले तर टाळूला भोक राहते आणि पुन्हा ऑपरेशन.

आणि इथे बहुतेक घरांची फाइल कपाटात जाते. चेहरा छान दिसतो, दूध नाकातून येत नाही, शिबिरवाल्यांचा फोनही थांबतो. तीन वर्षांनी मूल बाबांना ‘मामा’ म्हणते आणि दादाला ‘नाना’. घरचे हसतात. खरे तर ‘ब’ म्हणायला टाळू मागे उचलून नाकाची वाट बंद व्हावी लागते. ती झाली नाही की त्याच ओठांतून ‘म’ निघतो, ‘द’चा ‘न’ होतो. काही मुले ‘क’, ‘ग’ घशातच आवळून काढायला शिकतात. ही सवय एकदा बसली की टाळू पुढे पूर्ण चालू लागली तरी सुटत नाही, वाचाउपचारच लागतात. घरच्या घरी पाहण्याची सोपी रीत: नाकाखाली छोटा आरसा धरून मुलाला ‘बाबा पापड भाजा’, ‘काका खोका कापा’ म्हणायला लावावे. या वाक्यांत एकही अनुनासिक नाही. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. हेच मोबाइलवर रेकॉर्ड करून दर तीन महिन्यांनी ठेवले तर तज्ज्ञाला ऐकवता येते.

फुगे फुगवणे, शिट्टी वाजवणे, मेणबत्ती विझवणे हे व्यायाम अजूनही सर्रास सांगितले जातात. फुंकर मारताना आणि बोलताना टाळू वेगळ्या तऱ्हेने काम करते; फुंकर सुधारली म्हणून बोलणे सुधारत नाही. उच्चार उच्चारानेच सुधारतो: आधी सुटा ध्वनी, मग अक्षर, मग शब्द, मग वाक्य, दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे. वाचाउपचारतज्ज्ञ तालुक्याला मिळत नाहीत हे खरे. पण एकदा शहरात, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवण-वाचादोषांसाठीच्या संस्थेत किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, प्रत्यक्ष तपासणी करून घेतली तर पुढचे सराव व्हिडिओ कॉलवर होतात. सराव कोण घेणार, हा खरा प्रश्न. शेतावर जाणाऱ्या आईला ते रोज जमत नाही. अंगणवाडी सेविका, कॉलेजला जाणारी शेजारची मुलगी, निवृत्त शिक्षक यांपैकी कोणीही हे शिकू शकते. उपचार करूनही हवा निसटतच राहिली तर दुसऱ्या ऑपरेशनची गरज पाहावी लागते, आणि तेही शाळेच्या सुरुवातीलाच, दहावीला नव्हे.

कानाचेही टाळूच्याच स्नायूंमुळे बिघडते. मधल्या कानात पाणी साचते, दुखत नाही, पण ऐकू कमी येते. मूल ‘हट्टी’ किंवा ‘मठ्ठ’ ठरते. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी श्रवणचाचणी करावी. कोमट तेल पडद्यापलीकडे पोचत नाही, तेव्हा ते कानात ओतू नये. आणि आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, वरचा सुळा उतरण्याआधी, हिरडीतल्या फटीत कमरेचे हाड भरण्याची एक शस्त्रक्रिया असते. ती चुकली तर सुळ्याला उतरायला हाडच नसते. दात किडलेले असतील तर ती लांबते, म्हणून दात घासण्याकडे आधीपासून लक्ष हवे.

शाळेत शिक्षकांनी दोनच गोष्टी कराव्यात: पहिल्या बाकावर बसवावे आणि वर्गासमोर उच्चार सुधारू नयेत. ‘गेंगाण्या’ हे नाव एकदा पडले की मूल तोंडी परीक्षेलाही गप्प राहते.

तालुक्यात पालकांचा गट उभा करायला मोठे काही लागत नाही. एक वही: जन्मवजन, फट कोणत्या बाजूला, टाळू उघडी का, ऑपरेशनच्या तारखा, कानाची पुढची तारीख. दोन-तीन बोंडली, एक टॉर्च, एक आरसा. अशा बाळाला स्वतः पाजलेली एक आई, जिचा फोन प्रसूतिगृहातल्या परिचारिकेकडे असेल. एसटीत बाईला अर्धे तिकीट असले तरी दोघांची बुडालेली मजुरी भरून निघत नाही, म्हणून थोडा प्रवासनिधी. गटाने औषधे सांगू नयेत. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकू नयेत; फ्लेक्सवर उद्घाटकाचा चेहरा मुलापेक्षा मोठा असतोच, पण गावात चौकात लटकतो तो मुलाचा ऑपरेशनआधीचा चेहरा, आणि ते मूल पुढे त्याच चौकातून शाळेत जाते.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती. शिबिराची बातमी देताना आयोजकांना विचारावे: टाळूचे ऑपरेशन कोण व कधी करणार, वाचाउपचार कुठे, श्रवणचाचणी कोण करणार आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला. ती तारीख आणि ठिकाण बातमीत छापावे.

– दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांचे काही पालक, परिचारिका आणि वाचाउपचारक, नाशिक